देणगीचं स्थळ

आमच्याकडच्या जत्रेत लाऊडस्पीकरवर देवाचं नाव जितक्या वेळा येतं, त्याहून जास्त वेळा देणगीदारांचं येतं. पाचशे एक, एक हजार एक, "यात्रा कमिटी त्यांची आभारी आहे", आणि मग पुन्हा हॅलो हॅलो. ज्याचं नाव पुकारलं तो मंडपाच्या कडेलाच उभा असतो, पण आपण ऐकलंच नाही अशा चेहऱ्यानं दुसरीकडं बघत. आडनाव चुकलं की मात्र गर्दीतून वाट काढत तो स्वतःच स्टेजवर पोचतो. मला या माणसाबद्दल माया आहे. पैसे त्याच्या घामाचे, आणि नाव चार लोकांत नीट घेतलं जावं एवढीच अपेक्षा. त्यात वावगं काय?

सातारा-सांगलीकडं देणाऱ्या हातांची वाण कधीच नव्हती. पावसानं पाठ फिरवली म्हणून माण-खटावचा माणूस मुंबईला गेला, गिरणीत नाहीतर गोदीत लागला, आणि एका खोलीत दाटीवाटीनं राहून गावच्या देवळाला पैसे धाडू लागला. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी तमिळनाडू-केरळपासून पार उत्तरेपर्यंत पांगले. जत्रेच्या दिवसांत विट्याच्या रस्त्यावर परराज्यांतल्या नंबरांच्या गाड्या दिसतात, त्या त्यांच्याच. भट्टीच्या धगीत मिळवलेला हा पैसा गावाकडं येतो आणि पुष्कळदा वेशीवरच थांबतो, कारण तिथं कमान उभी करायची असते. काही कमानी तर अशा, की आत शिरल्यावर ‘एवढंच गाव?’ असं वाटतं.

कमानीवर नाव कोरायला ऐसपैस जागा मिळते. शाळेतल्या पंख्याला पाती तीनच, तरी त्यांच्यावरही ‘स्मरणार्थ’ असतंच. फक्त ते वाचायला वीज जावी लागते.

पण गावाची खरी नड बहुतेक वेळा दिसायला काही देखणी नसते. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, ग्रंथालयात पुस्तकं आहेत पण कपाट नाही, अंगणवाडीचं छत गळतंय. नड असलेला मागायला लाजतो आणि द्यायला निघालेल्याला कुठं द्यावं ते कळत नाही. लग्नाच्या बाबतीत अशा वेळी मधला माणूस असतो. दोन्ही घरं ओळखणारा, दोन्हीकडचा चहा प्यालेला. देणगीलाही तसाच सोयरीक जुळवणारा लागतो.

तो नसला की काय होतं, ते २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीनं पाहिलं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरायच्या आत राज्यभरातून मदतीचे ट्रक निघाले. माणसं रात्र रात्र गाडी चालवत आली, त्यांच्या मनाबद्दल शंका घ्यायचं पाप मी करणार नाही. पण हमरस्त्यावरच्या गावात चौथा ट्रक थांबायचा आणि आतल्या वाडीला पहिल्याची वाट असायची. गुडघाभर चिखल उपसायला फावडी, खराटे, फिनेल हवं होतं; येत होते जुने कपडे. त्यांचे ढीग लागले. त्यात लग्नातले कोट होते, जरीचे घागरे होते. घरातला नको तेवढा पसारा या निमित्तानं कृष्णाकाठी आला म्हणायचा. ज्याचं सगळं वाहून गेलंय त्यानं कोट घालून चिखल उपसावा, असं कुणाच्याच मनात नव्हतं. विचारायचं तेवढं राहून गेलं.

आपल्याकडं हा जुळवण्याचा उद्योग ज्यानं सगळ्यांत मोठा केला, तो माणूस आधी किर्लोस्करांचे नांगर विकत होता. लोखंडाच्या नांगरानं जमीन नासते असं शेतकरी मानायचे, त्या काळात. अशा गिऱ्हाईकाला जो नांगर विकतो, त्याला पुढं काहीही जड जात नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली बिऱ्हाड साताऱ्याला हलवलं आणि सगळ्या जातींची पोरं बोर्डिंगात एका पंगतीला बसवली. त्या पोरांना रोज दोन वेळा भूक लागायची, सुट्टीच्या दिवशी जरा जास्तच. भाऊरावांनी, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांनी, मग कुणाकडं काय आहे ते ओळखून मागायला सुरुवात केली. घरच्या बायकांकडं मूठभर धान्य मागितलं. जात्यावर बसताना एक मूठ बोर्डिंगच्या पोरांसाठी बाजूला काढायची. मुठीवर नाव कोरता येत नाही. पण त्या बाईला पक्कं ठाऊक होतं, की आपली मूठ कुणाच्यातरी पोराच्या ताटात भाकरी होऊन जाते. घरात लक्ष्मीबाई होत्या, त्यांचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही पोरांच्या जेवणापायी गेलं. (अशा गोष्टी आपण भाषणात फार सहज सांगतो. त्या दिवशी संध्याकाळी घरात काय बोलणं झालं असेल, हे कुणी सांगत नाही.)

जुळवणाऱ्याला स्थळ नाकारताही आलं पाहिजे, हे अण्णांकडून शिकावं. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेव्हा संस्थेची ओढाताण चालूच होती. एक धनिक मोठी रक्कम घेऊन आला, अट एवढीच की कॉलेजला आपलं नाव द्यावं. त्यावर अण्णांनी दिलेलं उत्तर साताऱ्यात आजही सांगतात: एक वेळ जन्मदात्या बापाचं नाव बदलीन, पण कॉलेजला दिलेलं महाराजांचं नाव बदलणार नाही. नावांशी त्यांचं वैर होतं असंही नाही. १९४०च्या हायस्कूलला त्यांनी महाराजा सयाजीरावांचं नाव दिलंच होतं. कुठलं नाव कुठं शोभतं, एवढं त्यांना कळत होतं. आजच्या काही संस्थाचालकांच्या हाती तो धनिक लागला असता, तर त्याला वसतिगृहही गळ्यात मारून पाठवला असता.

ज्याला पाटीच लावता येत नाही असं स्थळ जुळवणं सगळ्यांत अवघड. चळवळीत पूर्णवेळ राबणाऱ्या कार्यकर्त्याचं घर महिन्याला कसं चालतं, हा प्रश्न असाच. त्याच्या शर्टावर कुणाचं ‘स्मरणार्थ’ कसं शिवणार? त्यासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशी बडी मंडळी अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ घेऊन गावोगाव फिरली, आणि या खटाटोपात साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर होते. प्रेक्षकानं पोट धरून हसावं आणि त्याच्या तिकिटातून कुणा अनोळखी कार्यकर्त्याच्या घरात महिन्याचं मानधन जावं. देणाऱ्यालाही काहीतरी मिळालं पाहिजे, हे नाटकवाल्यांना बरोबर कळतं.

पैशांऐवजी अंग देणारेही असतात. पाणी फाउंडेशनची, श्रमदानानं पाणी अडवायची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली राज्यातल्या तीन तालुक्यांत झाली. त्यात कोरेगाव होता, आणि पहिलं बक्षीस कोरेगावच्याच वेळूनं नेलं. पुढं १ मे २०१८ रोजी महाश्रमदानाला शहरांतली माणसं गावोगाव आली. टोपी, गॉगल, सनस्क्रीन, सगळं नीट. कुदळ तेवढी नवखी. तासाभरात हाताला फोड आले. गावच्या बायकांनी त्यांना सावलीत बसवून पिठलं-भाकरी वाढली. त्या दिवशी कुणी कुणाला काय दान केलं, याचा हिशेब लावायच्या भानगडीत मी पडत नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी खानापूर भागात हेच देणगीची सोयरीक जुळवायचं काम करतात. त्यांच्याजवळ एक वही आहे. डाव्या पानावर शाळेच्या नडी, उजव्या पानावर गावाबाहेर पोट भरणारी माणसं, आणि प्रत्येकापुढं बारीक अक्षरात शेरा. ‘आई विहिरीवरून पाणी आणायची.’ ‘लहानपणी पुस्तकासाठी मार खाल्ला.’ ‘याला फक्त कुस्ती.’ गेल्या जत्रेत त्यांनी एका गलाईवाल्या शेठना मुलींच्या स्वच्छतागृहाच्या पाण्याचं सांगितलं. शेठ चपापले.

"गुरुजी, आईचं नाव संडासावर? गाव काय म्हणंल?"

"संडासावर कोण घालतंय शेठ? टाकीवर घालू. टाकी वर असती. लांबनं दिसती. पाणी कुठं जातंय ते पाटीवर कशाला लिवायचं?"

शेठ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आईनं पाणी लई वाहिलं, गुरुजी." आणि ठरल्यापेक्षा मोठी टाकी बसवली, निळ्या अक्षरांत नाव घालून.

आता उरलाय तो ती जागा रोज झाडून-पुसून घेणाऱ्या बाईचा पगार. महिन्याच्या महिन्याला लागणारा, न दिसणारा, ज्याच्यावर काहीच कोरता येत नाही असा खर्च. गुरुजींनी तो वहीच्या डाव्या पानावर सगळ्यांत वर लिहून ठेवलाय आणि उजवं पान पुन्हा पुन्हा चाळतायत. कुणाच्या पाहण्यात स्थळ असेल तर त्यांना कळवावं. मुलीकडची परिस्थिती बेताची आहे, मानपान काही व्हायचा नाही.