मास्टरचं मेन झालं, ऐकलंत का?

अहो वहिनी, ऐकलंत का? ते गिटचं, म्हणजे प्रोग्रामर लोक कोडचा हिशेब ठेवतात त्या सॉफ्टवेअरचं, मास्टर-मेन प्रकरण अजून धुमसतंय! मला वाटलं, 2020 मध्येच मिटलं. छे हो! काल आमच्या सूनबाईच्या ऑफिस-कॉलवर पुन्हा तेच. हिंजवडीची पोरं या बाजूला, अमेरिकेची मंडळी त्या बाजूला. कुणीतरी नवा प्रोजेक्ट उघडला, हाताच्या सवयीने ‘गिट पुश ओरिजिन मास्टर’ टाइप केलं आणि एंटर मारलं. त्या काळ्या खिडकीत लगेच एरर, या नावाचं इथे काही नाहीच म्हणून! झालं. आपण म्यूटवर आहोत अशा समजुतीत एक पोरगा चक्क इंग्रजीत बोलला, ‘पापं यांच्या आजोबांची आणि टायपिंग आम्ही का बदलायचं?’ पलीकडे त्यांची मॅनेजर बाई, कृष्णवर्णीय, कॅमेरा चालू. काही बोलली नाही हो ती. नुसती भुवई वर केली. सूनबाई म्हणाली, त्या पोराचं तोंड असं उतरलं की...

जाऊ दे. तर काय सांगत होते, तुम्हाला सगळं ठाऊकच आहे म्हणा. 25 मे 2020 ला मिनियापोलिसमध्ये तो जॉर्ज फ्लॉईड पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला, सगळी अमेरिका रस्त्यावर उतरली, आणि जूनमध्ये गिटहबचे, म्हणजे लोक गिटचा कोड ठेवतात त्या साइटचे, तेव्हाचे सीईओ, नॅट फ्रीडमन, ट्विटरवर सांगून मोकळे झाले की आम्ही मास्टर हे गुलामीची आठवण देणारं नाव बदलणार. 1 ऑक्टोबरपासून नव्या रेपॉझिटरीची, म्हणजे कोडच्या कोठाराची, पहिली ब्रँच ‘मेन’. लगेच एक पार्टी उठली. म्हणे, आमच्या मास्टरचा गुलामीशी संबंधच काय, तो गाण्याच्या मास्टर रेकॉर्डिंगमधला मास्टर! ऐकायला पटतं हो. पण हौशी लोकांनी बिटकीपरची जुनी कागदपत्रं उकरली. बिटकीपर म्हणजे गिटच्या आधीचं, लिनक्सवाले वापरायचे ते. तिथे मास्टर आणि स्लेव्ह अगदी जोडीने नांदत होते! आणि ज्याने 2005 मध्ये गिटला हे नाव चिकटवलं, तो चेक गृहस्थ पेत्र बाऊदिश, तोच म्हणाला की तेव्हाच ‘मेन’ ठेवलं असतं तर बरं झालं असतं. आता नवरदेवच कबूल म्हणतोय तर वऱ्हाडाने कशाला रुसायचं?

आणि हे काही परवाचं नाही बरं का. लॉस एंजेलिस काउंटीचं विसरलात? 2003 मध्ये तिथल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओटेपच्या मशीनवर मास्टर-स्लेव्ह अशी लेबलं पाहिली आणि तक्रार केली. नोव्हेंबरात काउंटीने माल पुरवणाऱ्यांना कळवलं, असली लेबलं लावू नका. काय हसले हो लोक! आणि रॉन एग्लॅश म्हणून प्राध्यापक आहेत ना, त्यांनी 2007 मध्ये या जोडीची पार कुंडलीच मांडली. मूळ कुठे सापडलं, तर 1904 मध्ये, केपटाउनच्या वेधशाळेत. डेव्हिड गिल साहेबांची घड्याळं! एक हुकूम सोडणारं, दुसरं त्याच्या तालावर चालणारं, ते गुलाम. साम्राज्यातली गुलामी बंद करायचा कायदा 1833 चा. म्हणजे कायदा होऊन सत्तर वर्षं उलटून गेली आणि साहेबाने पुन्हा तोच शब्द काढून घड्याळाला बांधला. बघा म्हणजे!

आमच्या ह्यांना मात्र यातलं काही पटत नाही. ते जुन्या कॉम्प्युटरवाल्यांतले ना. हार्ड डिस्कच्या मागे त्या बारीक पिना असायच्या, त्यावर तांदळाएवढं प्लास्टिकचं टोपण, जंपर म्हणायचे त्याला. चिमट्याने उपसायचं आणि शेजारच्या पिनांवर बसवायचं. एका केबलवर दोन डिस्क, एक मास्टर, एक स्लेव्ह. दोन्ही चुकून मास्टर केल्या की एका स्वयंपाकघरात दोन सासवा, मशीन काही ओळखायचंच नाही. ‘इतकी वर्षं चाललं, कुणाचं काय बिघडलं?’ हे आपले ठणकावून विचारतात. तर सूनबाई शांतपणे म्हणाली, ‘बाबा, ती मास्टर डिस्क दुसरीवर काडीची हुकमत चालवत नव्हती. आणि स्टँडर्डच्या कागदात त्यांना डिव्हाइस शून्य आणि डिव्हाइस एक म्हणतात.’ ह्यांचा चहाचा कप तसाच हातात! म्हणजे कागदावर नाव बदललेलं, कुणाला पत्ता नाही, आणि आभाळही कोसळलं नाही.

पण खरा तमाशा झाला तो पायथन या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांकडे, 2018 मध्ये. पायथनचा जनक, बिचारा गीदो वान रॉसम! जुलैमध्ये त्या ‘वॉलरस’ चिन्हाच्या भांडणाला कंटाळून त्याने गादी सोडली होती. सप्टेंबर उजाडला नाही तो व्हिक्टर स्टिनरने सुचवलं की आपल्या कोडमधलं स्लेव्ह काढून ‘वर्कर’ नाहीतर ‘हेल्पर’ लिहू, मास्टर प्रोसेसला ‘पेरेंट’ म्हणू. त्यावरून इतकं पेटलं, इतकं पेटलं, की निवृत्त गीदोलाच पंच म्हणून बोलवावं लागलं. त्याने बहुतेक बदल पास केले, एक तेवढा जुन्या युनिक्सचा शब्द म्हणून ठेवला आणि विषय बंद. रेडिस नावाच्या डेटाबेसच्या त्या इटालियन सांफिलिप्पोने तर दोन्ही पार्ट्यांना सांभाळलं. नवी ‘रेप्लिकाऑफ’ कमांड दिली आणि जुनी ‘स्लेव्हऑफ’ही चालू ठेवली, कुणाच्या स्क्रिप्ट मोडायला नकोत म्हणून.

आणि लिनक्सचा जनक लिनस तोरवाल्ड्स! सगळे टपून बसले होते हो त्याच्यासाठी. शिव्या घालण्यात त्याचा हात कोण धरणार? 2018 च्या सप्टेंबरात स्वतःच्या त्याच तोंडाबद्दल माफी मागून थोडे दिवस घरी बसला होता. त्यामुळे 2020 च्या जुलैत लिनक्सकडे प्रस्ताव गेला, की नव्या कोडमध्ये मास्टर-स्लेव्ह आणि ब्लॅकलिस्ट-व्हाइटलिस्ट नको, तेव्हा लोकांना वाटलं, आता बघा कसा फाडून खातो. त्याने काय केलं? गुपचूप घेतलं! प्रायमरी-सेकंडरी म्हणा, लीडर-फॉलोअर म्हणा, डिनायलिस्ट-अलाउलिस्ट म्हणा, म्हणाल ते. मजा बघायला जमलेल्यांचे चेहरे काय झाले असतील!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय? अहो, आपल्याकडे त्याच वर्षी काय झालं? डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ठरवलं ना, वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची आणि समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी द्यायची. तेव्हा पलीकडचे अप्पा काय म्हणाले, आठवतंय? ‘नावात काय आहे!’ मोठ्या आवाजात, इथेच उभं राहून. मी म्हटलं, अप्पा, काहीच नाही तर बदलू दे की, तुम्ही का तापता? त्यावर ते जे मोगऱ्याला पाणी घालायला वळले ते वळलेच. ज्याच्या पत्त्यावर ते नाव नाही, त्यालाच ‘नावात काय आहे’ सुचतं, माझं आपलं हे मत आहे.

मात्र दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलते. समोरच्या टॉवरमध्ये लिफ्टजवळ पाटी होती ना, ‘नोकरांसाठी’? गेल्या वर्षी नवी लावली, ‘मदतनिसांसाठी’. पितळी अक्षरं, छान आहे हो. पण लिफ्ट तीच, मागची, सामान नेण्याची! आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणतात, ‘ताई, पाटी मला वाचता येत नाही, लिफ्ट मात्र कळते.’ गिटहबलाही लोकांनी हेच सुनावलं होतं. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याशी, त्या आइसशी, त्यांचा करार होता. 2019 मध्ये त्यांच्याच लोकांनी पत्र लिहून तो सोडा म्हटलं होतं. त्यावर हलले नाहीत आणि ब्रँचचं नाव तेवढं झटपट बदललं. टोमणा बसायचाच.

पण गंमत कशी आहे पाहा. 2021 मध्ये फेसबुक कंपनीचं मेटा झालं. 2023 च्या जुलैत त्या मस्कने ट्विटरची चिमणी उडवून एक्स केलं. कुणाला विचारलं होतं का? लोक चार दिवस कुरकुरले, पेपरवाले ‘एक्स, म्हणजे आधीचं ट्विटर’ लिहीत बसले, संपलं. मालकाच्या लहरीने नाव बदललं की ते ब्रँडिंग. कुणाला टोचतं म्हणून बदललं की लगेच परंपरा बुडाली, काम खोळंबलं, अतिरेक झाला! काम खोळंबतं, नाही म्हणत नाही मी. जुन्या स्क्रिप्टमध्ये जागोजागी मास्टर लिहिलेलं, सूनबाईने रात्री जागून दुरुस्त केलंय. पण त्यासाठी ती दमली असेल, चिडलेली मी पाहिली नाही. चिडले ते ज्यांना एक ओळसुद्धा बदलायची नव्हती.

बरं, कुकर झाला वाटतं माझा. पण जाता जाता सांगते, नवं सुरू झालंय. एआय थापा मारतो, त्याला ‘हॅलुसिनेशन’ म्हणायचं की नाही! एक पार्टी म्हणते, भास व्हायला त्याला मन लागतं, आणि आजारी माणसांचा शब्द यंत्राला कशाला? दुसरी म्हणते, रुळलाय ना शब्द, राहू दे. अप्पा यात कुठल्या बाजूला आहेत, ते कळलं ना तुम्हाला, तर... नको, संध्याकाळी सांगते, ते फाटक उघडतायत.