किल्लेदार

प्रत्येक सोसायटीत गच्चीची किल्ली जानव्याला बांधून फिरणारे एक गृहस्थ असतात. तेच गृहस्थ हिंजवडीत नोकरीला लागले की क्लाउडचे ॲडमिन होतात. आमच्याकडच्यांना आम्ही किल्लेदार म्हणायचो. अर्थात पाठीमागे.

एका शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला मला एक फाइल हवी होती. फाइल आमची, अकाउंट आमचं, महिन्याचं बिल भरणारेही आम्हीच. स्क्रीनवर मात्र ‘ॲक्सेस डिनाइड’. गेलो किल्लेदारांच्या टेबलापाशी. त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं.

“कशाला?”

“फाइल बघायचीय.”

“बघायचीय की बदलायचीय?”

“नुसती बघायचीय.”

“एक फाइल की सगळी बकेट?”

“एकच हो!”

“किती वेळ?”

मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी एवढं विचारलं नव्हतं. शेवटी त्यांनी मला एक रोल दिला, तासाभराचा. तेवढ्यात बॉसने बोलावलं. त्यांचं ऐकून, चहा पिऊन परत येतो तर तास उलटलेला. मंगल कार्यालयवाले पंगत उठायच्या आत दिवे घालवतात, तशी गत. पुन्हा टेबलापाशी गेलो. पुन्हा तोच प्रश्न, जणू आमची ओळखच नाही.

बरं, माणूस उर्मट म्हणावा तर तसंही नाही. काल लागलेल्या इंटर्नलाही अहो-जाहो. मान सगळ्यांना, ॲक्सेस कुणालाच नाही. कॅन्टीनमध्ये पोरगा विचारायचा, “काका, एक्स्ट्रा पाव?” “कशाला?” मिसळीबरोबर दोनच पाव घ्यावेत, लागला तर तिसरा मागता येतो, पण ताटात आलेला परत जात नाही, हे त्यांचं तत्त्व. साल्टझर आणि श्रोडर या दोघांनी १९७५ साली हेच लिहून ठेवलंय, कामापुरताच अधिकार द्या, असं तर्री ओतता ओतता सांगायचे. त्या दोघांनी मिसळ खाल्ली होती का, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर परवानगीचा जो कागद लिहितात, त्याच्या डोक्यावर २०१२-१०-१७ अशी तारीख असते. नवा माणूस हमखास ती खोडून आजची घालतो आणि कागद नापास होतो. कारण ती तारीख नव्हेच, ती त्या भाषेची आवृत्ती. हा धडा प्रत्येकाने एकदा शिकायचा, आणि किल्लेदारांनी मागे उभं राहून हळूच विचारायचं, “बदललीत? कशाला?” १७ ऑक्टोबर २०१२ हा त्या वर्षीच्या नवरात्रातला बुधवार होता, हेही त्यांनी काढून ठेवलेलं. नकाराचा नियम मात्र त्यांनी झकास समजावला होता. दहा कागदांवर ‘हो’ असलं आणि एकावर स्पष्ट ‘नाही’ असलं, तर ‘नाही’च जिंकतं. “घरात सगळे हो म्हणाले आणि आजी नाही म्हणाली, तर लग्न होतं का?”

नव्या बॅचला हिरकणीची गोष्ट सांगायचे. आपण ती आईच्या मायेची म्हणून ऐकलेली. किल्लेदारांना मायेशी कर्तव्य नव्हतं, त्यांचं लक्ष कड्यावर. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद, पहारे चोख, आणि एक गवळण अंधारात कडा उतरून घरी जाते! महाराजांनी तिचा गौरव केला आणि पाठोपाठ त्या जागी बुरूज बांधला, अशी कथा. “याला म्हणतात ऑडिट,” एवढं म्हणून ते थेट अमेरिकेत जायचे. २०१९ साली कॅपिटल वन बँकेचा असाच एक कडा उघडा राहिला. फायरवॉलला दिलेल्या रोलला भलत्याच बकेटी वाचायची मुभा होती, आणि सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. “फायरवॉलला बकेट वाचायला हवी कशाला?” इथे त्यांचा आवाज खरोखर कातर व्हायचा.

ते मला आवडत होते, असं मी लिहिणार नाही. पण एका रात्रीचं सांगायला हवं. आमच्या इंटर्न मुलीने ॲक्सेस-की असलेला कोड चुकून गिटहबवर सगळ्यांना दिसेल असा टाकला. असल्या किल्ल्या शोधणारे बॉट टपलेलेच असतात, काही मिनिटांतच कुणीतरी ती आमच्या दाराला लावून पाहिली. रात्री दोनला किल्लेदार स्वेटर-कानटोपीत ऑफिसात हजर. ती रडत होती. त्यांनी की रद्द केली, लॉग वाचले. त्या कीने एकच बकेट वाचता येत होती आणि तिच्यात चाचणीच्या खोट्या नावांखेरीज काही नव्हतं.

“रडू नका,” ते म्हणाले. “किल्ली तुमच्याकडून हरवणार हे मी धरूनच चाललो होतो. माझ्याकडूनही हरवली असती. म्हणून तर लहान दिली.” मग मशीनचा चहा तिच्यापुढे ठेवला. त्या रात्री ‘कशाला’ एकदाही ऐकू आलं नाही.

मागच्या मार्चमध्ये निवृत्त झाले. शाल-श्रीफळ पुढे केलं तेव्हा अर्थातच “कशाला, कशाला” झालं. खाली केक कापेपर्यंत ते वर जाऊन आले होते. ॲडमिनच्या यादीतून स्वतःचं नाव त्यांनी स्वतःच काढलं होतं, एचआरचा मेल यायच्या आधी.

त्यांच्या जागी आलेला मुलगा गोड आहे. मी फाइल मागितली, त्याने दोन मिनिटांत परवानगी दिली. कृतीपुढे तारा, वस्तूपुढे तारा. म्हणजे काहीही करा, कशालाही करा. आठ महिने झाले. पगाराचा डेटाबेस मला दिसतो. परवा रात्री चाचणीची बकेट पुसायला बसलो, कमांड लिहिली, एंटरवर बोट ठेवलं आणि नाव पुन्हा वाचलं. प्रॉडक्शनची होती. मला कुणीही अडवणार नव्हतं.

बोट उचललं आणि टिकेट टाकलं: माझा ॲक्सेस काढून घ्यावा.

सकाळी त्या मुलाचा फोन आला. बिचारा गोंधळला होता.

“काढायचा, सर? कशाला?”