मूळपुरुष

वतनाच्या दाव्यात वंशावळ दाखल करताना अगदी वरच्या टोकाला ज्याचे नाव लिहितात त्याला मूळपुरुष म्हणतात. परंतु प्रस्तुत लेखातील मूळपुरुष हे स्वतः कोणाचे पूर्वज म्हणून नव्हे, तर इंग्रजी शब्दांचे पूर्वज हुडकून काढण्यात आपले सारे उत्तरायुष्य खर्ची घालणारे गृहस्थ म्हणून प्रसिद्ध असतात. महसूल खात्यातून अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झालेल्या मंडळींत हा वर्ग विशेष आढळतो, आणि त्याचे कारणही उघड आहे. सातबाऱ्याचे उतारे नि वारसांचे फेरफार तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याला शब्दाचीही मालकी केवळ आजच्या वहिवाटीवरून मान्य होत नाही. मूळ दस्तऐवज पाहिल्याखेरीज तो कोणताही अर्थ मंजूर करीत नाही.

आमच्या आळीतल्या मूळपुरुषांचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले. पुढे कधीतरी पदपथावरच्या जुन्या पुस्तकांत त्यांना नॉर्मन लुइस यांचे, १९४९ साली प्रथम निघालेले, ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ सापडले, आणि लॅटिन व ग्रीक धातूंच्या साहाय्याने अवघड शब्द वश करण्याची विद्या त्यांना प्राप्त झाली. ही विद्या खोटी आहे असे मुळीच नाही. ‘मित्तेरे’ म्हणजे पाठविणे, एवढा एक लॅटिन धातू हाती आल्याबरोबर त्यांना असा साक्षात्कार झाला, की अर्ज सबमिट करणे, रजेची पर्मिशन मागणे, रक्कम रेमिट करणे, हिशेबातील ओमिशनबद्दल खुलासा देणे आणि शेवटी डिसमिस होण्याच्या भीतीने झोप न येणे, हे सर्व ज्या शब्दांनी घडते ते एकाच घराण्यातले सख्खे भाऊबंद आहेत. उभ्या नोकरीत आपणास छळणारे इतके निरनिराळे इसम मुळात एकाच बापाचे निघावेत, याचा त्यांना अपार आनंद झाला.

त्यात संस्कृताचे नाते जुळले, मग काय विचारता! आपला ‘दन्त’ आणि लॅटिनमधला ‘देन्स’, आपले ‘जानु’ आणि त्यांचा ‘गेनू’, आपले ‘नाम’ आणि त्यांचे ‘नोमेन’, ही साम्ये खरीच आहेत. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे या भाषांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले होते. मात्र ते समाईक मूळ कदाचित आज अस्तित्वातच नसेल, हे त्याच प्रतिपादनातले पुढचे कलम मूळपुरुषांनी वाचलेले दिसत नाही. त्यांच्या दप्तरी नोंद आहे ती एवढीच, की रोमन लोक अशुद्ध संस्कृत बोलत. संध्यावंदन न केल्याचा हा परिणाम, असे ते एकदा म्हणाल्याचे मला स्मरते.

तथापि मुळांच्या या शास्त्रात एक धोका असतो, आणि तो शेजारच्या आप्पांना भोवला. आप्पांची टाच बरेच दिवस दुखत होती. बाजारपेठेतल्या एका दवाखान्यावर ‘पेडिअॅट्रिशियन’ अशी इंग्रजी पाटी होती आणि तिचा मराठी भाग कडुनिंबाच्या फांदीआड गेला होता. ‘पेड’ म्हणजे पाय, जसे पेडल, जसे पेडेस्ट्रियन. ‘इयात्रोस’ म्हणजे ग्रीकमध्ये वैद्य. सबब हा पायांचा डॉक्टर, असा निकाल मूळपुरुषांनी जागच्या जागी दिला. आप्पा टाहो फोडणाऱ्या तान्ह्या बाळांच्या मेळाव्यात आपली पाळी येण्याची वाट पाहत तासभर बसून राहिले, आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, “बाळ कुठे आहे?” वस्तुतः ग्रीकमध्ये ‘पाइस’, षष्ठीत ‘पाइदोस’, म्हणजे मूल, आणि लॅटिनमधल्या पायाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे कळल्यावरही मूळपुरुष तिळमात्र वरमले नाहीत. “इंग्रज या शब्दात अजून ‘ए’ घालतात, तो अमेरिकनांनी गाळला. असला बेकायदा फेरफार झाल्यावर गरिबाने वारस ओळखायचा तरी कसा?” असे म्हणून त्यांनी सर्व दोष परराष्ट्रावर ढकलला, आणि आप्पा लंगडत घरी गेले.

स्वतःच्या देहाचीही ते गय करीत नाहीत. मुतखड्याच्या वेदनेने विव्हळत असताना डॉक्टरांनी ‘कॅल्क्युलस’ हा शब्द उच्चारताच ते खाटेवर उठून बसले आणि रोमन लोक लहान लहान खड्यांनी हिशेब करीत, म्हणून गणितातला कॅल्क्युलस आणि मूत्रपिंडातला कॅल्क्युलस एकच, हे त्यांनी नर्सबाईंना समजावून सांगितले. “अहो, आधी पाणी प्या!” एवढेच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, आणि माझ्या मते त्या दिवशी खोलीत बोलले गेलेले तेवढेच वाक्य उपयोगाचे होते. नोकरीत असताना साहेबांनी एका टिपणावर ‘नाइस’ असा शेरा मारला, तेव्हा तो शब्द लॅटिन ‘नेस्किउस’, म्हणजे अज्ञ, यापासून आला आहे म्हणून हे दिवसभर जेवले नव्हते, असेही सांगतात.

अशा विद्वानाची गाळण कशाने उडावी? परवा त्यांच्या पुतण्याची अमेरिकन पत्नी आली आणि तिने हसून विचारले, “हाउ आर यू गेटिंग ऑन?” मूळपुरुष स्तब्ध झाले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचच्या वाटेने लॅटिनचे सरदार त्या भाषेत येऊन बसले खरे, पण रोजचा कारभार अद्याप गेट, पुट, गो, टेक या जर्मानिक कुळातल्या किरकोळ शब्दांकडेच आहे, आणि हे शब्द ‘अप’, ‘ऑन’, ‘ऑफ’ अशा सोबत्यांना घेऊन काय अर्थ करतील याचा कोणत्याही मुळावरून अदमास लागत नाही. ‘मिसअँथ्रोप’ आणि ‘फिलँथ्रोपिस्ट’ यांतला भेद झोपेतही सांगणाऱ्या या गृहस्थांनी बऱ्याच विचाराअंती तिला “नो, नो, थँक यू” असे उत्तर दिले.

एवढे असले तरी स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे अवश्य जावे असे माझे मत आहे, कारण शंभर शब्द घोकण्यापेक्षा एक धातू लक्षात ठेवणे पुष्कळच सोपे, आणि धातू त्यांच्याइतके कोणालाच पाठ नाहीत. ते फी घेत नाहीत, चहा देतात, आणि सायंकाळी पाचनंतर केव्हाही भेटतात. जाणाऱ्याने परत येण्याची वेळ मात्र घरी सांगून ठेवू नये.