सुनावणी चालता चालता

(एकपात्री प्रयोग. रंगमंचावर आरामखुर्ची व तिपाई. तिपाईवर रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि मिस्कुटाच्या लोणच्याची बरणी. लाटंबार्से गावचे एक निवृत्त अव्वल कारकून प्रवेश करतात. पायांत कोरे करकरीत पांढरे बूट. काख रिकामी.)

ज्याने उभा जन्म कचेरीच्या टेबलापाशी बसून इतरांच्या अर्जांवर शेरे मारण्यात घालवला, त्याला उतारवयात स्वतःच्याच देहातील एका निष्ठावंत आणि आजवर तोंड न उघडलेल्या सेवकाची कैफियत ऐकून घ्यावी लागावी, हा दैवाचा विनोद नव्हे तर काय? मिनिटाला बहात्तर ठोके धरले तर दिवसाचे १,०३,६८० होतात (गुणाकार मी स्वतः तपासला आहे), आणि इतके काम उपसूनही ज्याने किरकोळ रजेचा अर्ज कधी टाकला नाही, असा हा हृदय नामक इसम (यंत्राकडे बोट दाखवून) या यंत्रामार्फत माझ्याविरुद्ध फिर्याद गुदरता झाला.

फिर्याद वाचली ती आरोग्य केंद्रातील डॉक्टरीणबाईंनी. वयाने माझ्या नातीएवढ्या; पण उलटतपासणी अशी, की मामलेदारांनीही शिकावी.

"काका, मीठ किती खाता?"

मी शपथेवर सांगितले, "वरून चिमूटभरसुद्धा घेत नाही." हे सत्य होते, परंतु ते कचेरीतले सत्य होते, म्हणजे जेवढे विचारले तेवढ्यापुरतेच. (बरणी उचलून, प्रेमाने) या मिस्कुटातील मीठ मी आजवर मिस्कुटाच्या सदरी खर्ची टाकीत आलो, पापडातले पापडाच्या आणि खाऱ्या बांगड्यातले बांगड्याच्या. आणि ऐन पावसाळ्यात ताजी मासळी दुर्मिळ झाल्यावर ताटात पडणाऱ्या सुक्या सुंगटांच्या किसमुरातले मीठ हा तर नैसर्गिक आपत्तीखालील खर्च, त्याला पूर्वमंजुरी लागतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मंजुरी दिवसाला पाच ग्रॅमांच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, आणि तीही सर्व सदरे मिळून आहे, हे ऐकताच आमच्या घरात कित्येक वर्षे केवढा फाजील खर्च चालला होता याची मला प्रथमच कल्पना आली. (बरणी डोळे मिटून दूर सारतो. एक डोळा उघडतो.)

बांगड्याविषयी मात्र बाईंचे मत अत्यंत अनुकूल. त्याच्या अंगच्या तेलात ओमेगा-तीन नावाची मेदाम्ले असून ती हृदयाला हितकारक, असा त्यांनी निर्वाळा दिला. मी हर्षभरित झालो. मग त्या म्हणाल्या, "पण रवा लावून तळायचा नाही हं, हुमण करायचे, आणि हुमणात नारळ बेताचा, कारण खोबरेल तेलातली जवळजवळ नऊ दशांश चरबी संपृक्त असते." हा हुकूम मी घरी येऊन सौभाग्यवतींवर बजावला. त्यांनी विळीवरून मान न उचलता फर्मावले, "अहो, नारळ कमी घातला तर ते हुमण नव्हे, बांगड्याची आंघोळ झाली!" अपील कोठे करावे हे मला अद्याप समजलेले नाही.

बाईंच्या हुकमाने तपकीर सुटली. फेणीचे तर्पणही थांबले. थोडी घेतली तर हृदयाला पोषक असते, असे सप्रमाण सिद्ध करणारे आमचे एक स्नेही होते, परंतु २०२३ साली त्याच आरोग्य संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही असे जाहीर केल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

राहिले चालणे. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, दम लागेल पण बोलता येईल अशा गतीने. दहा हजार पावलांची जी दवंडी सर्वत्र पिटली जाते, तिचा उगम मात्र कोणा ऋषितुल्य वैद्याच्या प्रबंधात नसून १९६५ साली जपानात विकायला काढलेल्या एका पावले मोजण्याच्या यंत्राच्या जाहिरातीत आहे, हे ऐकून मला फार हायसे वाटले. पण त्याच भरात बाईंनी जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्याचा दाखला दिला, आणि माझा निरुपाय झाला. या गृहस्थाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी करून १९५३ साली प्रसिद्ध केली, तीत दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्यांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. आमच्याकडील बसला वरचा मजला नसतो हे खरे. तथापि शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला निघालेल्या बसमध्ये पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत तिकिटे फाडीत जो जातो, त्याचे हृदय मॉरिससाहेबांनी तपासायला हवे होते. आणि मी? मी जन्मभर बसून होतो. माझ्याभोवती लोक चालत होते: या टेबलावरून त्या टेबलावर.

(उठतो. जागच्या जागी पावले टाकू लागतो.)

आता शहरात मनुष्य नुसता चालू शकतो; लाटंबार्श्यात नुसते चालणे हा संशयास्पद व्यवहार आहे. पहिल्याच संध्याकाळी कासारपालच्या कालिकेच्या रस्त्याला लागलो, तो प्रत्येक पडवीतून प्रश्न : "भाऊ, खंय चल्ल्यात?" "कुठेच नाही" हे उत्तर आमच्या गावी ग्राह्य नाही. ज्याला कुठेच जायचे नाही तो एकतर घरी भांडून निघालेला, नाहीतर भाटाचा गुप्त सौदा करणारा! शिवाय पाठोपाठ "च्या घेवन वचात" आहेच. आणि आग्रहाला मान देत गेलो, तर दर घरचा साखरेचा चहा आणि शेवेची बशी मिळून जे पोटात जाई, ते जिरवायला बेळगावपर्यंत चालणे प्राप्त होते.

म्हणून मी युक्ती काढली. (खुर्चीमागून लाल फितीची फाईल काढून काखेत मारतो. चाल एकदम बदलते.) फाईल कोरी. पण काखेत फाईल असलेल्या मनुष्याला चहासाठी थांबवायला कोणी धजत नाही.

फक्त एक घोटाळा झाला. डिचोली तालुक्याने खाणी सुरू झालेल्या पाहिल्या, २०१२ साली बंद पडलेल्या पाहिल्या, पुन्हा सुरू आणि २०१८ साली पुन्हा बंद झालेल्याही पाहिल्या. अशा मुलखात निवृत्त कारकून रोज फाईल घेऊन रस्त्याने झपाझप जातो, याचा अर्थ एकच : जमिनीची मोजणी येणार! तिसऱ्या संध्याकाळी माझ्या मागे एक-चौदाचा उतारा घेऊन एक म्हातारबा. चौथ्या संध्याकाळी त्यांचे पुतणे, म्हातारबांविरुद्ध. आठवडा सरेतो माझ्यामागे पालखीला शोभेल इतका लोक! मी कानीकपाळी ओरडलो की मला कसलाही अधिकार नाही. पण अधिकार नसल्याचे अधिकारीच सांगतात, असा गावाचा अनुभव.

तेव्हा मी जाहीर केले : "सुनावणी चालता चालता होईल. जो मागे पडेल, त्याचा अर्ज फेटाळला."

(थांबतो. फाईल खाली ठेवतो.)

एके संध्याकाळी म्हातारबा छाती दाबून पुलाच्या कठड्यावर टेकले. दरदरून घाम, डावा हात जड, जबड्यापर्यंत कळ. म्हणतात कसे, "पित्त झालंय भाऊ. सोलकढी घेतो नि उद्या येतो." उद्या येतो! ज्या वाक्यावर माझी अख्खी कारकीर्द उभी, तेच वाक्य ऐकून माझे हातपाय गार पडले. कारण बाईंनी बजावले होते : धमनीत गुठळी अडकली की स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो, या एका खात्यात उद्याची तारीख मिळत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केला. आरोग्य केंद्रात हृदयाचा आलेख निघाला, तो निघाल्याबरोबर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातील तज्ज्ञांकडे पोचला, आणि तिकडून होकार येताच गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन तिथल्या तिथे टोचले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, मध्ये शेरा नाही, त्रुटी नाही, चिरीमिरी नाही! मी आ वासून पाहत होतो.

म्हातारबा परतले ते पुतण्याविरुद्ध नवा अर्ज घेऊन. डॉक्टरांनी त्यांना हळूहळू चालायला सांगितले आहे. म्हणून त्यांची सुनावणी आता स्वतंत्र, देवळाच्या सावलीत, सकाळच्या पाळीत.

बाकीचे हल्ली कुरकुरतात. "भाऊ, किती दिवस चालवणार? एकदाचा निकाल द्या!" पण निकाल दिला तर उद्या चालायला येणार कोण? पुतण्याचा रक्तदाब नुकता कुठे उतरणीला लागला आहे.

(विंगेतून हाका : "भाऊ! ओ भाऊ!" फाईल काखेत मारतो.)

आलो, आलो! उतारे घरी ठेवा रे, पाण्याच्या बाटल्या घ्या! आणि तो चपला घालून कोण आलाय? त्याला सांगा, कागदपत्रे अपुरी आहेत : बूट घालून उद्या ये!

(झपाझप निघून जातो.)