लाभार्थ्याशेजारचा इसम

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढला की माणसाला दोन खोडी लागतात. कुठलाही कागद तीन प्रतींत असल्याशिवाय तो खराच वाटत नाही, आणि आपण सोडून जगात कुणालाच फॉर्म भरता येत नाही, अशी मनाची खात्री होऊन बसते. बडनेरा जंक्शनवर संत्र्याच्या पेट्यांपासून मोटारसायकलींपर्यंत सगळं बुक करून मी निवृत्त झालो, तेव्हा सरकारने माझा शिक्का काढून घेतला; स्टॅम्प पॅड मात्र माझ्याकडेच राहिलं. जुन्या वस्तीतल्या माझ्या घराच्या व्हरांड्यात टेबल टाकून, त्या पॅडवर अधूनमधून शाई ओतत, मी बसलेला असतो. कुणी अर्ज घेऊन येतंय का, याची वाट पाहत.

गल्लीच्या टोकाशी मावशींचं घर आहे. म्हणजे होतं. मातीच्या भिंती, वर टिनं, टिनांवर दगड. मुलगा बडनेरा-राजापेठ ऑटो चालवतो. मावशींनी एकदा जाता जाता विचारलं, "बाबूजी, थे घरकुलाचं काई समजते का तुमाले?"

समजते का! मी उठून उभाच राहिलो. पंतप्रधान आवास योजना, शहरी, प्रारंभ 25 जून 2015, उद्दिष्ट 2022 पर्यंत सर्वांसाठी घरे. 2022 आलं तसं गेलं, मुदती वाढल्या आणि 1 सप्टेंबर 2024 पासून योजनेचा दुसरा अवतार, पाच वर्षांत एक कोटी घरं. हे मी एका दमात म्हणून दाखवलं. मावशींच्या डोक्यावर गव्हाचं पीठ होतं, चक्कीवरून आणलेलं. त्या ते डोक्यावर घेऊनच ऐकत होत्या.

मग अटी. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत. घर बाईच्या नावावर किंवा जोडनावावर. आणि कुटुंबातल्या कुणाच्याही नावे भारतात कुठेही पक्कं घर नसावं.

"भारतात?" मावशी म्हणाल्या. "मी त चांदूरच्या पुढं गेलीच नाई."

ओघात मी व्हिएन्नाही काढलं. त्या शहराच्या पालिकेने 1930 साली कार्ल मार्क्स होफ नावाची किलोमीटरभर लांबीची चाळ उभारली, त्यात 1,382 घरं, शिवाय धुलाईघरं, बालवाड्या. आजही तिथली निम्म्याच्या आसपास जनता पालिकेच्या किंवा अनुदानाच्या घरात राहते. आपल्याकडे बडनेऱ्याची नगरपालिका 15 ऑगस्ट 1983 रोजी अमरावती महानगरपालिकेत विलीन झाली, स्वातंत्र्यदिनीच आपलं स्वातंत्र्य गेलं, नाहीतर आपणही... इथे मावशींनी मला थांबवलं.

"तिकडं नळाले रोज पानी येते का?"

येतं, म्हणालो. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. माझ्या संपूर्ण व्याख्यानातला त्यांना पटलेला मुद्दा बहुधा तेवढाच.

योजनेतलं घर कमीत कमी तीस चौरस मीटर चटई क्षेत्राचं, म्हणजे सुमारे 323 चौरस फूट. नकाशा मंजूर करायला इंजिनीयर लोक असतात, पण आधी कल्पना यावी म्हणून मी गल्लीतच फक्कीने घर आखलं. समोर पडवी, मग बैठक, माजघर, पूर्वेला देवघर, स्वयंपाकघराला लागून कोठार. आखणी इतकी देखणी झाली की क्रिकेट खेळणारी पोरं बाजूला सरकली. मावशी चपला काढून आत शिरल्या, पडवीतून बैठकीत आल्या आणि वळायला गेल्या तर भिंतीतून आरपार निघाल्या.

"बाबूजी, संडास कुठं हाये?"

मी देवघर सरकवलं. मग कोठार गेलं. मग पडवी गेली. शेवटी एक खोली, एक स्वयंपाकघर आणि न्हाणी-संडास उरलं, म्हणजे योजनेचा छापील नकाशा जसा असतो तसाच. त्या रात्री मी टेप घेऊन आमच्या वरच्या मजल्यावर गेलो. जिथे जुना कूलर, रद्दी आणि माझ्या सेवेतल्या सगळ्या कागदांची तिसरी प्रत ठेवली आहे, ती एकच खोली त्या घराच्या निम्मी निघाली. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. टेप मात्र सौ.ने पाहिला.

जागेचे कागद हा माझा खरा प्रांत. स्वतःच्या जागेवर घर बांधायचं तर जागा स्वतःची आहे हे दिसलं पाहिजे, आणि वऱ्हाडातल्या जुन्या गावठाणात ते दिसणं दुर्मिळ. कुठे नझूल, कुठे आखीव पत्रिकेवर पणजोबा, कुठे नुसतीच घरटॅक्सची पावती. मावशींच्या आखीव पत्रिकेवर सासरे होते. ते वारून पुष्कळ वर्षं झाली होती. कागदावर मात्र ठणठणीत. वारस म्हणजे दीर अकोल्याला, एक मूर्तिजापूरला, नणंद सुरतेला. प्रत्येकाला पाठवायचं संमतीचं पत्र मी 'सविनय' पासून लिहायला घेतलं. दुसऱ्या पानावर होतो तोवर मावशींच्या पोराने तिघांना व्हिडिओ कॉल लावून, रडारड करवून, आधारच्या फोटोसकट संमती मिळवली होती. माझं पत्र अजून अपुरंच आहे. भाषा चांगली जमली होती.

योजनेत अडीच लाख मिळतात. केंद्राचे दीड, राज्याचा एक. हा आकडा मी फळ्यावर लिहिल्यासारखा हवेत लिहिला. तेव्हा मिस्त्री तिथे बिडी ओढत बसला होता.

"काळी माती हाये, बाबूजी," तो म्हणाला. "पान्यात फुगते, उन्हात फाटते. पाया खोल न्यावा लागते. पयले पैसे त जमिनीतच जाते."

"हप्ते येतात ना," मी म्हणालो. "काम दिसलं की हप्ता."

"पायाचं काम कोनाले दिसते?"

यावर मावशींनी जे विचारलं त्याचं उत्तर माझ्या फायलीत नाही. त्या म्हणाल्या, "काम केल्यावर पैसे भेटते, मंग काम कायनं करू? पैसे असते त योजनेत कायले आली असती?"

मी चष्मा पुसला. एप्रिल 2025 च्या राज्याच्या वाळू धोरणात घरकुलवाल्यांना पाच ब्रास रेती मोफत आहे, हे सांगून पाहिलं. रेती मोफत असली तरी घाटावरून गल्लीत पायी येत नाही, हे मिस्त्रीने सांगितलं. अखेर मावशींनी बचत गटातून उचल घेतली, पोराने ऑटोच्या फायनान्सवाल्याला महिनाभर थोपवलं, आणि सिमेंटच्या दुकानदाराने मावशींच्या तोंडाकडे पाहून उधारी दिली. माझ्या तोंडाकडे पाहून त्याने फक्त राम राम घातला.

जुनं घर पाडल्यावर माणसं राहणार कुठे, असा रकाना फॉर्ममध्ये मी तरी पाहिला नाही. सौ.ने तो परस्पर भरला. मावशींचं बिऱ्हाड आमच्या व्हरांड्यात आलं. टेबल भिंतीला उभं टेकवलं गेलं आणि स्टॅम्प पॅडवर कोंबडी बसू लागली.

आता फोटो. या योजनेत दर टप्प्याला जिओ-टॅगिंग होतं. मोबाईलवर फोटो काढतात आणि जागेच्या अक्षांश-रेखांशासह तो इस्रोच्या 'भुवन' नकाशावर चढतो; पाया झाला, भिंती झाल्या, स्लॅब पडला, असा पुरावा. फोटोत लाभार्थी दिसायला हवा. पायाच्या वेळी तरुण इंजिनीयर आले. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कारण इस्रो म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. मावशींना कुठे उभं करावं, ऊन कुठून येतं, पाया पूर्ण दिसला पाहिजे, हे मी सांगत होतो, हात करून दाखवत होतो. इंजिनीयर म्हणाले, "काका, जरा बाजूला." मला ते 'जरा बाजूला, म्हणजे इकडे' असं ऐकू आलं.

फोटो उत्तम आला. मध्यभागी मी, छाती पुढे, एक हात पायाकडे. माझ्या खांद्यामागून कुणाच्या तरी लुगड्याचा हिरवा काठ. इंजिनीयरांना पुढच्या गल्लीत जायची घाई होती, आणि मागाहून पोराने त्यांच्याकडून मागवलेला तो फोटो जुन्या वस्तीच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'घरकुल लाभार्थी'.

संध्याकाळी स्टेशनसमोरच्या गिला वड्याच्या गाडीवर दोघं माझ्याकडे पाहून बोलायचे थांबले. कटिंगवाल्याने वस्तरा मानेवर ठेवून विचारलं, "दोन मजले कमी पडत होते का, बाबूजी?" भुसावळहून जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. तो आधी तब्येतीचं बोलला, मग हवापाण्याचं, आणि मग हळूच म्हणाला, "पेन्शन वेळेवर येते ना रे? काही लागलं तर सांग." मी खुलासा लिहायला बसलो, तीन प्रतींत. टेबल नसल्यामुळे मांडीवर. आत सौ. आणि मावशी शेवया करत होत्या. त्यांचं हसणं भिंतीपलीकडून येत होतं आणि ते शेवयांवरून नव्हतं.

भिंती चढल्या. पुढच्या फोटोच्या दिवशी मावशींनी सकाळीच येऊन सांगितलं, "बाबूजी, आज तुमी घरातच राहा. उन्हं लय हाये." थंडीचे दिवस होते. मी समजूतदारपणे आत गेलो. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला, सौ.च्या बांगड्याही वाजल्या.

खिडकीतून सगळं दिसत होतं. मावशी नवं लुगडं नेसून दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. इंजिनीयरांनी मोबाईल उंच केला, खाली केला, पुन्हा उंच केला. मग पडद्याकडे बघत कपाळाला आठ्या घातल्या.

"मागच्या वेळचे ते काका कुठं आहेत? आधीच्या फोटोशी चेहरा जुळत नाहीये."

गल्ली एकदम गप्प झाली. मावशींच्या पोराने कपाळावर हात मारला. मी आत कंगवा शोधू लागलो.