बापूंचं ॲव्हरेज

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका गॅरेजात सकाळी गेलात तर बापू हमखास भेटतील. गाडी रॅम्पवर, बापू गाडीखाली आणि मिस्त्री बाजूला स्टुलावर चहा पीत. वास्तविक हे उलटं असायला हवं. पण ‘बघा तुम्हीच, बापू’ म्हटलं की अर्धा तास शांतता लाभते, हे मिस्त्रींनी फार पूर्वी हेरलंय.

बापूंचा ऊस आहे, खताचं दुकान आहे आणि घरच्या पांढऱ्या पेट्रोल गाडीला इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत नवी नळी आहे. कंपनीचा सायलेन्सर गाडीचा गळा दाबतो, असं त्यांचं जुनं मत होतं. तो गळा त्यांनी मोकळा केला. ताराराणी चौकात सिग्नल सुटल्यावर जो आवाज निघाला, त्यानं शेजारच्या रिक्षातली आजी पदर सावरून बसली आणि मागचं एक पोरगं ओरडलं, ‘जाळ आणि धूर संगटच!’ बापूंचे त्या क्षणी पैसे वसूल झाले. आवाज-धुराचे नियम मोडले की मोटार वाहन कायद्याचं कलम 190 लागतं, हे कुणी सुचवलं तर ‘ते खातं वेगळं’ म्हणून ते विषय बदलतात.

पुढच्या टाकीला हिशेब लागला. सोळाचं ॲव्हरेज अकरावर.

दुसरा कुणी असता तर जुना सायलेन्सर माळ्यावरून काढून परत बसवला असता. बापूंनी डायरी आणली. गाडी किती पेट्रोल खाते यापेक्षा का खाते, यात त्यांना जास्त रस. दुखणं तसं बरं होऊ नये, पण निदान अचूक व्हावं, अशा जातीचा हा माणूस आहे.

पहिला संशय पंपावर. पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं आणि गिऱ्हाईक ते मागू शकतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. बापूंना ठाऊक आहे. त्यांनी माप मागितलं, मग फिल्टर पेपर मागितला, त्यावर पेट्रोलचा थेंब टाकून तो उडून जाताना डाग राहतो का, हे मागच्या रांगेच्या हॉर्नच्या साथीत पाहिलं. डाग राहिला नाही. हल्ली पांढरी गाडी वळताना दिसली की पंपावरचं पोरगं आत जेवायला जातं, मग वेळ कुठलीही असो.

दुसरा आरोपी इथेनॉल. ‘पेट्रोलमध्ये दारू ओततात, गाडी काय नाचणार?’ यावर बापूंचं व्याख्यान रंगात आलं असताना कारखान्याच्या ऊसबिलाचा मेसेज त्यांच्याच मोबाईलवर टिंगकन वाजला. कारखान्याची डिस्टिलरी मळीपासून जे बनवते, ते शेवटी याच टाकीत येतं. ते जरा थांबले, पण खचले नाहीत. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे वीस टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत फटका सहा-सात टक्क्यांचा. इथं तर तीसच्या वर गेले होते. उसाची निर्दोष सुटका झाली आणि बापूंच्या चेहऱ्यावर शेतकऱ्याचं समाधान दिसलं.

मग चहाच्या गाड्यावर ‘बॅकप्रेशर’ निघालं. हा शब्द गाडीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक माणसाला येतो. ‘बॅकप्रेशर गेलं, म्हणून ॲव्हरेज गेलं.’ बापू अशा वेळी डोळे मिटून घेतात. इंजिनाला मागून दाब लागत नाही हो, ते सांगतात, लागतो तो वायूला वेग. नळी गरजेपेक्षा रुंद केली की कमी आरपीएमला धूर रेंगाळतो, खालची ओढ कमी होते, मग चढाला गिअर खाली टाकावा लागतो. हे सगळं बरोबर होतं. नळी रुंद कुणी घेतली, हे मात्र चहा संपेपर्यंत निघालं नाही.

इथून पुढे मात्र बापूंना मानलं पाहिजे. त्यांनी ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मागवला, स्टिअरिंगखाली खोचला आणि मोबाईलवर आकडे वाचू लागले. लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक अठरा! म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर नेहमीपेक्षा अठरा टक्के पेट्रोल जास्त ओततोय. का ओततोय? तर कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसलेला ऑक्सिजन सेन्सर त्याला सारखा सांगतोय की हवा जास्त झाली. एक किलो पेट्रोलला साधारण पावणेपंधरा किलो हवा हा हिशेब. सेन्सर खोटं बोलत नव्हता, त्याच्यापुढे खरंच जास्तीची हवा येत होती. पण ती इंजिनातून नव्हे. इंजिनातला धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्यानं येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये नळीतला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा खाली जातो, आणि जोडाला फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला फसवायला तेवढी पुरते.

फट सापडेना. बापू सांगत, सकाळी टिकटिक येते. गॅरेजात गाडी आणली की आवाज गायब. मिस्त्री म्हणाले, ‘बापू, लोखंड तापलं की फुगतं, फट बुजते. गाडी रात्री इथंच सोडा.’ बापूंनी सोडली, आणि सकाळी दूधवाल्याच्याही आधी गॅरेजच्या शटरसमोर हजर झाले. गार गाडी सुरू केली. टिक्, टिक्, टिक्. बॅटरी मारून पाहिलं तर हेडरच्या जोडाशी काजळीची नाजूक रेघ. जुनंच गास्केट परत वापरलं होतं. ‘बसवताना मी नवीन टाकू म्हटलेलं,’ मिस्त्री चहाकडे पाहत म्हणाले. त्या वेळी ‘हेच चांगलं आहे, कशाला खर्च?’ कोण म्हणालं होतं, ते दोघांनाही आठवत होतं.

नवं गास्केट बसलं, ट्रिम अधिक तीनवर आला, बापूंनी पेढे वाटले. टाकी फुल झाली. ॲव्हरेज तेरा.

‘सोळा का नाही?’ बापूंनी डायरीचं नवं पान उघडलं. टायरची हवा, ब्रेक घासतात का, चाकांचं अलाइनमेंट. हे चालू असताना रंकाळ्यावर पुढची गाडी हटायची वाट पाहत बापूंचा उजवा पाय तीनदा खाली गेला, आणि प्रत्येक वेळी त्यांनी काच खाली करून कान बाहेर काढला. मी काही बोललो नाही. माझं काही पेट्रोल जळत नव्हतं.

गेल्या आठवड्यात वहिनींनी गाडी घेतली. सांगलीला माहेरी दोन-तीन फेऱ्या झाल्या, एकदा पार विट्यापर्यंत. आल्यावर टाकी फुल केली आणि बापूंच्याच पद्धतीनं डायरीत आकडा लिहिला. सोळा पूर्णांक दोन.

बापूंनी आधी भागाकार तपासला. मग स्कॅनरची नोंद उघडून बसले. बराच वेळ अंगठा वर-खाली होत राहिला.

‘बघा की,’ शेवटी मला म्हणाले, ‘सबंध प्रवासात आरपीएम बावीसशेच्या वर नाही. गाडी दाबलीच नाही हिनं!’

‘दाबायला काय ती लिंबं आहेत?’ वहिनी आतून म्हणाल्या. ‘अहो, आता सोळा आले ना? झालं तर मग.’

बापूंनी उत्तर दिलं नाही. पेनाचं टोपण काढलं, वहिनींच्या आकड्याभोवती व्यवस्थित कंस घातला आणि पुढं बारीक अक्षरात लिहिलं: ‘चालक वेगळा. धरू नये.’