कानानं इंजिन मोजणाऱ्या मेस्त्रींना खुले पत्र

मेस्त्री,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांच्या गाड्या तुम्ही 'मक्खन' करून दिल्यात, ते बरोबर ओळखतील.

आमची डिझेल गाडी निळा धूर सोडत, ऑइल पीत, तापत तुमच्या दारात आली. तुम्ही बॉनेट उघडलं, रेस दिली, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि निकाल दिलात, "रिंगा टाकू, गॅस्केट बदलू. फुल इंजिन कामाचा खर्च कशाला करता दादा?" धन्य तुमचा कान! सिलिंडर किती झिजलाय, हेड किती वाकलंय, हे ज्याला नुसतं ऐकू येतं त्याला बोअर गेज कशाला हवा?

पुढं पुण्याहून इंदापूरला येताना भिगवण सोडलं आणि डाळजजवळ गाडीनं मान टाकली. रात्रीची वेळ, सोलापूर हायवेवर अंगावर येणारे ट्रक, मागच्या सीटवर म्हातारी आई. तुमच्या स्वस्त कामाची खरी किंमत मला तिथं कळली.

नंतर ते इंजिन दुसऱ्या मेस्त्रीनं माझ्यासमोर खोललं. थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच. तुम्ही काढून फेकला होता. रेडिएटरच्या नळ्यांत गळती बुजवायच्या पावडरीचा चिखल. हेडवर सरळ पट्टी ठेवली तर मधल्या फटीतून फिलर गेजची पात आरपार गेली. फेसिंग न करता त्याच वाकड्या हेडखाली तुम्ही नवं गॅस्केट दाबलं होतं. सिलिंडरच्या वरच्या टोकाला बोट फिरवलं तर झिजेनं तयार झालेली कड नखाला लागत होती. बोअर अंडाकृती, रिंगा गोल. त्या बसणार कशा? वरची रिंग त्या कडेला आपटून तुटली होती.

अशा बोअरमधून गॅस खाली उतरतो, ऑइल वर चढतं. झीज फार वाढली आणि डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पेटवायला लागलं, तर चावी काढली तरी ते थांबत नाही. हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी आम्हाला रस्त्यावर धाडलंत.

त्या मेस्त्रीनं ब्लॉक लेथवर पाठवला, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले, क्रँकचं माप घेऊन ग्राइंडिंग केलं, त्या मापाची बेरिंगं आणली, हेड फेस केलं, व्हॉल्व्ह घासून बसवले. रिंगांचा गॅप तपासला, हेडचे बोल्ट टॉर्क रेंचनं ठरलेल्या क्रमानं आवळले. सगळे आकडे बिलामागं लिहून दिले. पैसे भरपूर गेले. तुम्हाला दिलेले मात्र पाण्यात गेले.

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी बनतात, 2012 पासून व्हेस्पा बनते. भारत फोर्जचा कारखाना तिथंच आहे. आपल्याच घरातली पोरं तिथं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवतात. त्याच गावात तुम्ही इंजिन बांधता आणि एकही माप घेत नाही, याची मला चीड येते.

"गिऱ्हाइकालाच स्वस्त हवं असतं" हे तुमचं ठरलेलं उत्तर. हवं असतंच. पण दोन्ही कामांचा खर्च आणि दोन्हींचं आयुष्य तुम्ही त्याच्यापुढं कधी मांडता? प्रत्येक गाडीला फुल इंजिन काम लागत नाही. हेड सरळ आणि बोअर मापात असला तर गॅस्केटवरही भागतं. जुनी गाडी विकायला काढायची असेल तर खर्चाचा विचारही वेगळा होईल. पण ते माप घेतल्यावर ठरवायचं. ज्याच्याकडं पैसे कमी, त्याला तर दोनदा खर्च करणं अजिबात झेपत नाही.

परवा भवानीनगरच्या एका पोराचा टेम्पो तुमच्या दारात उभा दिसला. हेड उतरवलेलं होतं. त्याचे हप्ते चालू आहेत, घर त्या टेम्पोवर चालतं. मेस्त्री, नवं गॅस्केट आणायच्या आधी त्या हेडवर पट्टी ठेवा, चारी बोअर वर, मध्ये, खाली मोजा, आकडे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. मोजायचं साधन नसेल तर ब्लॉक लेथवाल्याकडं पाठवा. मग काय करायचं ते त्याला ठरवू द्या.

तुमचं एक जुनं गिऱ्हाईक